गुडघाभर

केतकी सरपोतदार खारशेतला आली ती दीड वर्षाच्या कामासाठी, आणि राहिली चार वर्षं. ती लँडस्केप आर्किटेक्ट होती. म्हणजे काय असं कुणी विचारलं की ती सांगायची, "इमारती दुसरे लोक बांधतात. उरलेल्या जमिनीवर पाणी कुठून जावं, सावली कुठं पडावी, माणसांनी कुठं बसावं, ते मी बघते."

खारशेतमध्ये प्रश्न त्या उरलेल्या जमिनीचाच होता. घाटातून उतरणारी जांभळी नदी गावाला वळसा घालून खाडीला मिळते. वर घाटात ढग फुटला आणि त्याच वेळी खाडीला भरती असली की नदीचं पाणी पुढं सरकत नाही. ते मागं फुगतं आणि गावात शिरतं. पूर्वी असं वीस-पंचवीस वर्षांतून एकदा व्हायचं, आता दर दोन-तीन वर्षांनी होऊ लागलं होतं. शेवटच्या महापुरात बाजारपेठेतले तळमजले बुडाले आणि एकोणीस माणसं गेली. त्यानंतर नगरपरिषदेनं केतकीला बोलावलं.

नदीला भिंत घालण्याऐवजी पसरायला जागा द्यावी, ही कल्पना जुनीच होती. केतकीच्या आराखड्यात नवं होतं ते बांधांचं तंत्र. तिनं गावाभोवती पाच पाणमैदानं आखली. एरवी तिथं मुलांनी खेळावं, गुरं चरावीत, बाजार भरावा. प्रत्येक मैदानाच्या कडेनं गवताचा बसका बांध, आणि त्या बांधाच्या पोटात जाड रबराची नळी. नळीत हवा भरली की पंधरा मिनिटांत बांध गवतासकट कंबरेच्या वर उचलला जायचा. हवा सोडली की पुन्हा खाली बसायचा. कुठला बांध उचलायचा आणि कुठला बसवायचा, यावर पाणी कुठं जाणार ते ठरत होतं.

ते ठरवण्याचं काम संगणकाकडे होतं. त्याचा प्रोग्रॅम इरफान परकारनं लिहिला होता. इरफान नद्यांचा अभ्यासक, केतकीचा कॉलेजपासूनचा मित्र. घाटातला पाऊस, मातीतली ओल आणि भरतीची वेळ घेऊन तो प्रोग्रॅम काही मिनिटांत जांभळी नदी दहा हजार वेळा वाहवून बघायचा, दर वेळी जराशा फरकानं. मग बांधांची अशी मांडणी निवडायचा की एकूण नुकसान कमीत कमी व्हावं. पण नुकसान कशाला म्हणायचं, ते त्याला कळत नव्हतं. ते माणसानं सांगावं लागे. त्यासाठी प्रत्येक जागेला शंभरपैकी एक आकडा द्यायचा होता. इरफान त्याला 'भार' म्हणायचा. भार जितका जास्त, तितकी ती जागा वाचवायची यंत्राची धडपड जास्त. हे भार आराखडा करणाऱ्यानं भरायचे होते. केतकीनं दवाखान्याला शंभर दिले, बाजारपेठेला शंभर. भोईवाड्याला बावीस.

भोईवाडा नदीच्या वळणावर होता. बेचाळीस घरं आणि पुढं जाळी वाळत घालायचं मोकळं मैदान, पाच पाणमैदानांतलं एक. भिकाजी कासेकर तिथले वयानं आणि मानानं मोठे. पहिल्या वर्षी ते केतकीला रोज होडीतून फिरवायचे. वळणावर पाणी कुठली जमीन खातं आणि कुठं गाळ टाकतं, हे तिला नकाशावरून कळलं नव्हतं, ते त्यांनी दाखवलं. आधी ते तिला 'ताई' म्हणत. पावसाळा संपेपर्यंत ती 'केतकी' झाली आणि ते तिला अगंतुगं करू लागले. दुपारी जेवायला ती त्यांच्या वहिनीकडे असायची. इंदूवहिनी साठीच्या, अंगानं लहानखुऱ्या. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. घरात चार शेळ्या आणि एक लेक, रंजना. रंजना दवाखान्यात नर्स होती.

"वाडीसाठी काय करणार तेवढं सांग," इंदूवहिनींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

केतकीनं वाडीसाठी मनापासून केलं. घरांची जोती तीन फूट उचलून घेतली. मासे वाळवायला ओटे, ओट्यांवर करंजाची सावली, काठाला माती धरून ठेवणाऱ्या तिवरांची दाट रांग. बायका कुठं बसून जाळी विणतात, वारा कुठून येतो, हे बघून तिनं एकेक झाड लावलं.

आराखडा मंजूर करायच्या गावसभेच्या आदल्या दुपारी इरफाननं पडद्यावर चार पर्याय उघडले. पहिले दोन जागेअभावी बाद होणार होते. तिसऱ्यात बाजारपेठ पूर्ण कोरडी राहत होती आणि जास्तीचं पाणी भोईवाड्याच्या मैदानात उतरत होतं. शंभर मोठे पूर आले तर त्यातल्या पंच्याण्णव वेळा तिथं गुडघाभर पाणी, आणि उरलेल्या पाच वेळा माणसाच्या डोक्यावरून. चौथ्या पर्यायात त्या पाच वेळी बाजारपेठेत नडगीभर पाणी येत होतं, पण भोईवाड्यात ते कधीच कंबरेच्या वर जात नव्हतं.

"चौथा दाखवायचा नाही," केतकी म्हणाली.

"का?"

"सकाळी खातूशेठ आले होते. व्यापारी संघाचा पाठिंबा हवा असेल तर दुकानात बोटभरही पाणी येता कामा नये, म्हणाले. त्यांनी हात काढला की ठराव पडला. मग बांधांचं काहीच होणार नाही, इरफान. आणि काहीच झालं नाही तर सगळ्यात आधी भोईवाडाच बुडेल."

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच ते तिला सोपं गेलं.

"निदान ते पाच तरी सांग त्यांना," इरफान म्हणाला.

"सांगते."

सभेला तीनशे माणसं होती. खातूशेठ पुढच्या रांगेत. केतकीनं तीन पर्याय दाखवले, तिसरा कसा चांगला ते समजावलं. मग भिकाजीकाका उठले.

"आमच्या मैदानात पाणी किती येईल?"

त्या पाच वेळांचा तक्ता तयार होता, फक्त एक बटण दाबायचं होतं. केतकीनं समोर पाहिलं. खातूशेठ घड्याळ बघत होते, नगरपरिषदेचे मुख्याधिकारी मान डोलावत होते.

"गुडघाभर," ती म्हणाली. "फार तर गुडघाभर. जोती तीन फूट उचललीत, घरात येणार नाही."

'फार तर' हे दोन शब्द तिनं ठरवून आणले नव्हते.

मागून इंदूवहिनी म्हणाल्या, "गुडघाभर पाण्यात तर आम्ही रोजच असतो." सभागृह हसलं. हात वर झाले, ठराव मंजूर झाला. इरफान बाजूला उभा होता. त्यानं केतकीकडे पाहिलं आणि पडदा बंद केला.

पुढच्या दोन पावसाळ्यांत दोनदा पूर आला. दोन्ही वेळा बांध उचलले गेले, बाजारपेठ कोरडी राहिली आणि भोईवाड्याच्या मैदानात पाणी गुडघ्यापर्यंत येऊन दुसऱ्या दिवशी उतरलं. लोक ओट्यांवर बसून ते बघत होते. केतकीचा शब्द खरा ठरला होता.

तिसरा पूर जुलैत आला. घाटात चौदा तासांत सहाशे मिलिमीटर पाऊस झाला आणि दुपारी दोनला मोठी भरती होती. अकरा वाजता सूचना गेली. भोईवाड्यातली दोनशे तेरा माणसं वरच्या शाळेत न्यायची होती, तासाभरात गाड्या लागल्या. नगरपरिषदेच्या इमारतीत केतकी आणि इरफान पडद्यासमोर बसले होते.

एक चाळीसला यंत्रानं मांडणी बदलली. बाजारपेठेकडचा बांध पूर्ण उचलला आणि भोईवाड्याचा बसवला. मैदानावरचा खोलीचा आकडा चढू लागला. पन्नास सेंटिमीटर, नव्वद, एक मीटर तीस.

"हे त्या पाचांपैकी आहे," इरफान म्हणाला.

केतकीचा हात पडद्याच्या कोपऱ्यातल्या 'थांबवा'पाशी गेला. ते दाबलं असतं तर बांध पुन्हा आधीच्या मांडणीत गेले असते आणि पाणी पेठेत वळलं असतं. पेठेत तीन हजार माणसं होती, बरीचशी वरच्या मजल्यांवर, पण सगळी नव्हे. वाडी तर रिकामी केली होती. तिनं हात मागं घेतला. आकडा एक मीटर सत्तरवर थांबला.

अडीच वाजता रंजनाचा फोन आला. ती दवाखान्यातून सुटून शाळेत पोचली होती.

"ताई, आई तुमच्याकडे आलीय का?"

"नाही. शाळेत नाहीत?"

"इथं दोनशे बारा आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरल्यावर इंदूवहिनी काठाच्या तिवरांमध्ये सापडल्या. शाळेत त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईनं सगळं सांगितलं. शेळ्या बांधलेल्या राहिल्यात हे त्यांना एक वाजता आठवलं. शेजारीण नको म्हणाली. त्यावर त्या म्हणाल्या, "गुडघाभर तर येणार, ताईनं सांगितलंय. आत्ता आले." चारही शेळ्या त्यांनी सोडल्या होत्या. शेळ्या पोहून टेकडीवर चढल्या होत्या.

सरकारी समिती आली आणि आठ दिवसांत अहवाल देऊन गेली. यंत्रणेनं अपेक्षेप्रमाणे काम केलं, तीन हजारांहून अधिक माणसं वाचली, मृत महिला सूचना असूनही परत गेली. अहवालात एकही वाक्य खोटं नव्हतं. नदीकाठच्या सहा गावांनी केतकीला बोलावणं पाठवलं. नगरपरिषदेनं तिचा सत्कार ठेवला, आणि शाल भिकाजीकाकांच्या हस्ते द्यायची असं ठरवलं.

केतकीनं नको म्हणून पाहिलं. मुख्याधिकाऱ्यांना तो विनय वाटला.

भिकाजीकाकांनी शाल घातली. माईक हातात आला तेव्हा ते अवघडले. "ही पोरगी नसती तर आज वाडी नसती," ते म्हणाले. "आमची वहिनी हट्टी होती. तिनं ऐकलं नाही, त्याला कोण काय करणार?"

टाळ्या वाजल्या. रंजना आली नव्हती. केतकी खाली मान घालून उभी होती, आणि लोकांना वाटलं ती रडते आहे. पण तिला रडू येत नव्हतं. वहिनींनी ऐकलं नाही असं सगळे म्हणत होते, आणि तिला एकटीला माहीत होतं की वहिनींनी ऐकलं होतं. तिनं सांगितलं तेच ऐकून त्या गेल्या होत्या.

एकटीला म्हणणंही बरोबर नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात इरफाननं स्वतःच विषय काढला.

"तू वाडीला सांगून टाकायचा विचार करते आहेस."

"हो."

"सगळं थांबेल. सहा गावांचं कामही थांबेल. तिथंही माणसं आहेत, केतकी. आणि आकडे चुकले नव्हते. शंभरात पाच म्हटलं होतं, ते पाचातलं आलं."

"आकडे तुझ्याकडे बरोबर होते. माझ्या तोंडून बाहेर आले नाहीत. तू मला सांग म्हणाला होतास."

"म्हणालो होतो," इरफान म्हणाला. "आणि तू सांगितलं नाहीस तेव्हा माईक माझ्यापासून दोन हातांवर होता. मी पडदा बंद केला. माझं नाव वगळू नकोस."

भिकाजीकाका सकाळी ओट्यावर जाळं शिवत बसलेले असायचे. केतकी गेली तेव्हा त्यांनी सरकून जागा दिली. ती बसली नाही. उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं, चौथा पर्याय, पाच वेळा डोक्यावरून, खातूशेठ, ते दोन शब्द. त्यांचा हात मध्येच थांबला, पण ते जाळ्याकडेच बघत होते.

"तिला पोहता येत होतं," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलं. डोक्यावरून येईल म्हटलं असतं तर गेलीच नसती. गेली असती तर होडी घेऊन गेली असती. गुडघाभर म्हटलं म्हणून लुगडं खोचून चालत गेली."

त्यांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"मी सगळ्यांसमोर तिला हट्टी म्हटलं."

"काका, ते मी..."

"मला सांगितलंत, बरं केलंत. आता वाडीला सांगा. मी कुणाला काही बोलणार नाही. तुम्हीच सांगा, म्याडम."

चार वर्षांत ते तिला कधी म्याडम म्हणाले नव्हते.

रविवारी दुपारी वाडी मैदानात जमली. केतकीनं पडदा आणला नव्हता. एका मोठ्या कागदावर तिनं चौथा पर्याय हातानं काढला होता. तो तिनं जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. इरफान तिच्या शेजारी उभा राहिला आणि आपला वाटा त्यानं आपल्या तोंडानं सांगितला. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

रंजना मागं बसली होती. ती उठून कागदापाशी आली.

"तुमच्या यंत्रात प्रत्येक जागेला नंबर द्यावा लागतो ना? आमच्या वाडीला किती दिला होता?"

"बावीस."

"शंभरपैकी?"

"हो."

"बाजाराला?"

"शंभर."

"बावीसला शाळेत नापास करतात," एक म्हातारी हळूच म्हणाली. रंजना कागदाकडे बघत राहिली. "हा नंबर कुणी ठरवला?" तिनं विचारलं.

"मी," केतकी म्हणाली. "कुणाला न विचारता."

"मग चहा कसा गेला हो तुमच्या घशाखाली, आमच्या घरी बसून?"

रंजना उत्तरासाठी थांबली नाही, ती घराकडे निघून गेली.

त्यानंतरचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. नगरपरिषदेनं केतकीला कामावरून काढलं. तिनं स्वतःच सगळी हकिगत लिहून आपल्या व्यवसायाच्या संस्थेला पाठवली, आणि दोन वर्षांसाठी तिची नोंदणी स्थगित झाली. सहा गावांची बोलावणी मागं घेतली गेली. ती पुण्याला परतली आणि एका रोपवाटिकेत काम करू लागली. इरफानला ठेवून घेतलं, कारण यंत्र दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हतं.

खारशेतमध्ये मात्र एक वेगळी गोष्ट घडली. भोईवाड्यानं हवेच्या झडपेला कुलूप घालून आपल्या मैदानाचा बांध कायमचा उचलून ठेवला. मैदान आमचं आहे, यापुढं ते नदीला द्यायचं की नाही ते आम्ही ठरवू, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते मैदान नसलं तर बाजारपेठ वाचत नाही, हे दाखवायला इरफानला एक दुपार पुरली. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत बैठका चालल्या. बऱ्याच बैठकांना खातूशेठ आले आणि बऱ्याच सोडून गेले. शेवटी नडगीभर पाण्याला त्यांनी मान्यता दिली, तीही दुकानांचे ओटे दीड फूट उचलून घ्यायच्या अटीवर. आता दर मे महिन्यात सगळ्या गावासमोर भार ठरतात, एकेका जागेचा आकडा मोठ्यानं वाचून. पहिल्या वर्षी भोईवाड्याला चौऱ्याऐंशी मिळाले.

त्याच मे महिन्यात केतकीला इरफानचा फोन आला. वाडीनं मैदानाभोवती बारा खांब रोवले होते. पाणी किती येऊ शकतं, त्याच्या खुणा त्यांवर करायच्या होत्या. सेंटिमीटरमध्ये नकोत, माणसाच्या अंगाच्या मापानं हव्यात, आणि प्रत्येक खुणेपुढं शंभरात किती वेळा तेही हवं.

"तू करू शकतोस की," केतकी म्हणाली.

"मी करतो म्हणालो होतो. तू यावंस असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांचं म्हणजे, रंजनाचं."

ती गेली. सकाळी दहाला मैदानात पोचली तेव्हा पांढरा आणि लाल रंग, दोन ब्रश आणि एक टेप मांडून ठेवलेलं होतं. भिकाजीकाका ओट्यावर जाळं शिवत होते. त्यांनी वर पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा जाळ्यात लक्ष घातलं. चहा कुणी विचारला नाही.

रंजना नर्सच्या गणवेशातच आली, दुपारची ड्युटी होती. ती पहिल्या खांबाला पाठ लावून ताठ उभी राहिली.

"माप माझं घ्या," ती म्हणाली. "आई माझ्याएवढीच होती."

केतकी टेपकडे हात नेत होती, तो तिनं मागं घेतला. ती गुडघ्यांवर बसली. रंजनाच्या गुडघ्याच्या वाटीशेजारी खांबावर तिनं पांढरी रेघ ओढली. गणवेशाला रंग लागू नये म्हणून तिनं ब्रश लांब धरला, आणि रेघ वाकडी आली.

"रंग लागला तरी चालेल. रेघ सरळ काढा."

केतकीनं रेघ पुसली आणि पुन्हा काढली. मग कंबर. नव्या मांडणीत पाणी याच्या वर जाणार नाही, असं यंत्र म्हणत होतं. तिनं रेघेपुढं शंभरात किती वेळा ते लिहिलं आणि ब्रश खाली ठेवला.

"वर?" रंजनानं विचारलं.

"वर जाणार नाही. निदान हिशेब तसा..." केतकी थांबली. "जाऊ शकतं. बांध बिघडला, वीज गेली, तर जाऊ शकतं."

"मग ते लिहा. आणि त्या दिवशी किती होतं तेही दाखवा."

केतकीनं कंबरेच्या रेघेखाली तेही लिहिलं आणि लाल रंगाचा ब्रश उचलला. मोजायची गरज नव्हती. एक मीटर सत्तर कुठं येतं, हे तिला डोळे मिटूनही कळलं असतं. रंजनाच्या समोर, अगदी जवळ उभं राहून तिनं हात वर केला. रंजनाच्या डोक्याच्या वर, आणि तिच्या स्वतःच्याही डोक्याच्या वर, तिनं लाल रेघ ओढली. एक ओघळ खाली आला, तो तिनं बोटानं टिपला.

रंजना वळली आणि तिनं रेघेकडे पाहिलं. मग डोक्यावर अंगठा टेकवून तिनं करंगळी वर ताणली. ती बरोबर रेघेला लागली.

"एक वीत," ती म्हणाली.

केतकीच्या ओठांवर माफीचा शब्द आला. तो ती आधीही बोलली होती, पत्रात, फोनवर, वाडीसमोर. रंजनाचा चेहरा बघून तिनं तो गिळला आणि रेघेपुढं लिहिलं, 'एवढं आलं होतं.'

रंजनानं ते वाचलं. ती मैदानाच्या कडेनं चालत गेली आणि दुसऱ्या खांबाला पाठ लावून उभी राहिली.

"अजून अकरा आहेत," ती म्हणाली. "या."

केतकीनं दोन्ही डबे उचलले आणि ती तिच्याकडे निघाली.